गावाजवळ टायर रिसायकलिंगचा कारखाना येतोय: ग्रामसभेआधी काय विचारायचं

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या तुमच्या गावापासून दीड किलोमीटरवर, ईशान्येला, बाहेरच्या एका माणसाने सहा एकर वावर घेतलंय. तिथे ‘टायर रिसायकलिंग’चा कारखाना टाकायचा आहे. रोज 20 टन टायर येतील आणि गावातल्या चाळीस पोरांना काम मिळेल, असं तो सांगतो. ग्रामपंचायतीकडे ना-हरकत मागितली आहे आणि ग्रामसभा पंधरा दिवसांवर आली आहे. जागेला लागून नाला आहे, नाल्याच्या खालच्या अंगाला तुमची विहीर आणि कापसाचं वावर. अर्धं गाव रोजगाराचं नाव घेतं, अर्धं गाव कॅन्सरचं. आणि तुम्ही विचारता की विरोध करावा की नाही.

मी केमिकल इंजिनिअर आहे. सुरुवातीची चार वर्षं टायरपासून तेल काढणाऱ्या कारखान्यात काढली. त्यानंतरची पंधरा वर्षं विदर्भातल्या कारखान्यांच्या धुराड्यांची आणि सांडपाण्याची तपासणी करतेय. म्हणजे या धंद्याच्या आतही राहिले आहे आणि बाहेरून मोजमापही केलं आहे. तुमचा नकाशा माझ्यासमोर नाही, त्यामुळे ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं एका शब्दात सांगणं चुकीचं होईल. पण उत्तर कशावर अवलंबून आहे, ते मात्र नक्की सांगता येईल.

खरा प्रश्न असा आहे की ‘टायर रिसायकलिंग’ या दोन शब्दांत किमान तीन वेगळे धंदे दडलेले असतात, आणि तुमच्या गावाला त्यातला कोणता येतोय ते अजून कोणी सांगितलेलंच नाही. पहिल्या प्रकारात टायर यंत्रावर फाडून, दळून रबराचा चुरा करतात. तो डांबरात मिसळून रस्त्याला जातो किंवा रबरी चटया करायला जातो. यात आवाज आहे, धूळ आहे, आगीची भीती आहे, पण टायर तापवून वायू निघण्याचा प्रकार नाही. दुसऱ्यात चुऱ्यावर उष्णता आणि रसायनं वापरून रबर पुन्हा मऊ करतात, त्याला रिक्लेम रबर म्हणतात. याचा वास चांगलाच येतो. तिसरा प्रकार पायरोलिसिस, ज्याला लोक ‘टायर जाळून तेल काढायचा कारखाना’ म्हणतात. खरं तर टायर आत जळत नाही. बंद टाकीत हवा न जाऊ देता 400 ते 500 अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे रबराची वाफ होते, आणि ती वाफ थंड केली की तेल मिळतं.

तुमचा माणूस बहुधा तिसऱ्यातला आहे. रोज 20 टन, सहा एकर, नाल्याकाठची जागा आणि ‘रिसायकलिंग’च्या पलीकडे एक शब्द न बोलणं, यावरून माझा हा अंदाज. अंदाज चुकीचा निघाला तर मला आनंदच होईल. म्हणून पहिलं काम हे की प्रक्रिया कोणती, ते त्याच्या सहीने कागदावर घ्या. तोंडी उत्तर नको.

आता पायरोलिसिस असेल असं धरून पुढचं सांगते, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

दहा टन टायर टाकीत घातले तर साधारण चार-साडेचार टन तेल निघतं, तीन-साडेतीन टन काळी कार्बन पावडर, एक-दीड टन टायरातली लोखंडी तार आणि उरलेला वायू. तेल आणि तार लगेच विकली जाते. वायू त्याच भट्टीखाली जाळायचा असतो. राहते ती काळी पावडर. ती पिठासारखी बारीक, हलकी, आणि तिला गिऱ्हाईक कमी. मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत मागच्या बाजूला हिचेच ढीग असायचे. वाऱ्याने उडते, पावसाने वाहते. टायरमध्ये झिंक ऑक्साइड घातलेलं असतं, ते जस्त या पावडरीत उतरतं आणि पाण्यात गेलं तर मासोळीला घातक ठरतं. तुमचा कापूस दसऱ्यापासून फुटायला लागतो. फुटलेल्या बोंडावर ही काजळी बसली तर व्यापारी भाव पाडणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून कार्बन पावडर कुठे आणि किती ठेवणार, बंद शेडमध्ये की उघड्यावर, पोत्यात की मोकळी, कोण विकत घेणार, हा प्रश्न धुराड्याच्या उंचीपेक्षा मोठा आहे. लोक धुराड्याकडे बघत बसतात. घाण जमिनीलगत होते.

दुसरी गोष्ट टाकीच्या दाराची. आपल्याकडे हा धंदा बराचसा एकेका घाण्याचा, म्हणजे बॅचचा आहे. टायर भरायला दोन-तीन तास, तापवायला दहा-बारा तास, मग थंड व्हायला तेवढाच वेळ, शेवटी दार उघडून पावडर आणि तार ओढून काढायची. बेरीज करा, चोवीस तास ओलांडतात. आता त्याला सरळ विचारा: टाक्या किती आणि एका टाकीचा घाणा किती तासांचा? दहा टनाच्या दोनच टाक्यांवर तो ‘रोज 20 टन’ म्हणत असेल, तर थंड व्हायचा वेळ कापल्याशिवाय हिशोब जुळत नाही.

हा वेळ कापला की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी होते त्या कारखान्यात एकदा तेलाचा टँकर दारात उभा होता, पुढचा घाणा लावायची घाई होती, आणि सुपरवायझरने टाकी गरम असतानाच दार उघडायला लावलं. आतली पावडर धुमसत होती. हवा लागताच तिने पेट घेतला. दारासमोरच्या दोन मजुरांचे हात कोपरापर्यंत भाजले. दोघंही बाहेरच्या राज्यातली पोरं होती, हातात साधे सुती मोजे. त्यानंतर मी तिथे तीन महिन्यांच्या वर राहिले नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाडा भागात असे बरेच कारखाने आहेत, तिथल्या स्फोटांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने या धंद्यासाठी कार्यपद्धती घालून दिली आहे. तिचा रोखच असा की हाताने दार उघडून पावडर ओढायची जुनी पद्धत जाऊन स्वयंचलित किंवा अखंड चालणारी यंत्रणा यावी. कागदावर चांगलं आहे. पण 2019 मध्ये हा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे आला तेव्हा मंडळाने दिलेला हिशोब बघा: 19 राज्यांत 637 कारखाने, त्यातले 251 नियम पाळणारे, 270 न पाळणारे, 116 बंद. म्हणजे पाळणाऱ्यांपेक्षा न पाळणारे जास्त. म्हणून ‘सगळी परवानगी घेऊनच टाकतोय’ या वाक्यावर मी विसंबत नाही. परवानगी एका दिवसाची असते, कारखाना रोज रात्री चालतो.

रात्र मुद्दाम म्हणाले. तुमच्या प्रश्नातला ‘ईशान्येला’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. पावसाळ्यात आपल्याकडे वारं पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतं, तेव्हा वास गावापासून दूर जाईल. हिवाळ्यात वारं बरंचसं ईशान्य-पूर्वेकडचं, आणि तेही मंद. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसून राहते. शेकोटीचा धूर वर न जाता गावावर पसरलेला तुम्ही पाहिला असेलच, कारखान्याचा धूरही तसाच वागतो. टायरमध्ये एक-दोन टक्के गंधक असतं, त्यामुळे गळती झाली की सडक्या अंड्यासारखा उग्र वास येतो. वायू भट्टीत पूर्ण जळला नाही, किंवा जास्तीचा वायू मशालीत, म्हणजे तो जाळून टाकायच्या उंच नळीच्या तोंडाशी, न जाळता तसाच सोडला, तर तो वास आणि त्याबरोबर बेंझिनसारखे पदार्थ कापूस वेचणीच्या दिवसांत तुमच्या अंगणात येतील. त्याच सहा एकरांऐवजी जागा गावाच्या नैर्ऋत्येला, तीन-चार किलोमीटरवर असती, तर माझं उत्तर पुष्कळ मवाळ झालं असतं.

कॅन्सरबद्दल. बेंझिन आणि काजळीतले काही पदार्थ कॅन्सरला कारण ठरतात, हे खरं आहे. पण सगळ्यात मोठा धोका टाकी साफ करणाऱ्या मजुराला असतो. दीड किलोमीटरवरच्या गावाला किती, ते किती गळती होते आणि किती वर्षं होते यावर ठरतं. ग्रामसभेत ‘कॅन्सर होणार’ असं कोणी उठून बोललं की समोरचा वकील म्हणतो, सिद्ध करा. आणि तुमचे बाकीचे खरे मुद्देही त्याच दमात उडवले जातात. वास, काजळी, पाणी, आग हे चार मुद्दे दाखवता येतात, मोजता येतात. त्यांच्यावर उभे राहा.

आगीचा मुद्दा गावकरी सहसा मांडत नाहीत, पण माझ्या मते तोच सगळ्यात भारी आहे. ट्रकचं एक टायर पन्नास-साठ किलोचं. रोज 20 टन म्हणजे साडेतीनशे-चारशे ट्रकची टायरं. महिनाभराचा साठा ठेवला तर 600 टन. रबराची उष्णता दगडी कोळशाइतकी, कधी जास्तच, आणि टायर आतून पोकळ, त्यामुळे आतल्या हवेवर आग धुमसत राहते आणि वरून मारलेलं पाणी आत पोचत नाही. कॅनडात हॅगर्सव्हिलला 1990 साली टायरच्या ढिगाला लागलेली आग 17 दिवस जळत होती. जळताना टायर तेल सोडतं, ते पाण्याबरोबर वाहतं. तुमच्याकडे ते नाल्यात जाईल. मे महिन्यात 45 अंशांत बांधाबांधाला वाळलेलं गवत असतं. तालुक्याहून अग्निशमनची गाडी यायला किती वेळ लागतो, ते एकदा मोजून ठेवा आणि तो आकडा ग्रामसभेत मांडा. साठ्याची कमाल मर्यादा, ढिगाची उंची, दोन ढिगांत मोकळी वाट, स्वतंत्र पाण्याची टाकी, वाळू-मातीचा साठा: एवढं तरी आराखड्यात दिसलं पाहिजे. उघड्यावरच्या टायरात पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच, म्हणून साठा छपराखालीच हवा. आणि तेलसाठ्याला पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो का, हेही लेखी विचारून घ्या. तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे.

आता पाणी. इथे मी हात जोडून सांगते, कारण गावं नेमकी इथे हरतात. मी एका गावात तपासणीला गेले होते. नाल्याचं पाणी काळसर, विहिरीवर तेलाचा तवंग. लोक चिडलेले होते आणि खरं बोलत होते. कारखान्याचा माणूस शांतपणे म्हणाला, ‘पाणी आधीपासून असंच होतं.’ त्याला खोडून काढायला गावाकडे एक कागद नव्हता. माझ्या अहवालात आजचं पाणी खराब आहे एवढंच आलं. ते कालपर्यंत चांगलं होतं, हे मी कशावरून लिहिणार?

म्हणून कारखान्याची पहिली वीट पडायच्या आत पाण्याची तपासणी करून घ्या. जागेच्या खालच्या अंगाच्या दोन-तीन विहिरी, गावची पिण्याची विहीर किंवा बोअर, आणि नाला. भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत द्या. नेहमीच्या चाचण्यांबरोबर तेल-ग्रीस, फिनॉल आणि जस्त तपासायला सांगा, हे तीन आपोआप तपासले जात नाहीत. तेल-ग्रीसचा नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा. प्लास्टिकच्या बाटलीला तेल आतून चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. नमुना घेताना सरपंच, पोलीस पाटील किंवा ग्रामसेवक हजर ठेवा, पंचनामा करा. जमल्यास एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मातीचंही जस्त तपासा. कारखाना आला नाही तरी हा खर्च वाया जात नाही, तुमच्या विहिरीची कुंडली तुमच्याजवळ राहते.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, मग सरळ नाहीच म्हणू. पण दुसरी बाजूही खरी आहे. जुनी टायरं कुठेतरी जाणारच. आज ती वीटभट्टीत आणि गुऱ्हाळात उघडी जळतात, आणि तो धूर कोणत्याही बऱ्या कारखान्यापेक्षा वाईट. 2022 च्या केंद्राच्या नियमांनी टायर बनवणाऱ्यांवर जुन्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली, रिसायकल करणाऱ्याला केंद्रीय मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, आणि तेल काढण्यासाठी बाहेरच्या देशांतून भंगार टायर आणायला बंदी घातली. चांगले कारखाने असू शकतात, मी दोन-तीन पाहिलेत: काँक्रीटची फरशी, बंद शेड, पावडर बंद नळीतून थेट पोत्यात, दारात उभं राहिलं तरी वास नाही. तसा कारखाना एमआयडीसीत, फायर स्टेशनच्या जवळ आला तर मी स्वतः बाजूने बोलेन. नाल्याकाठच्या शेतात तोच माणूस का येतो, हा प्रश्न त्याला शांतपणे विचारा. ‘जमीन स्वस्त पडली’ हे उत्तर प्रामाणिक असेल, पण ते तुमच्या फायद्याचं नाही.

चाळीस पोरांच्या कामाबद्दलही. दोन टाक्यांच्या कारखान्यात मी वीस-पंचवीसच्या वर माणसं पाहिलेली नाहीत, आणि पावडर काढायचं काम ठेकेदार बाहेरचे मजूर आणून करून घेतो. कोणत्या कामाला किती माणसं, पगार किती, विमा आहे का, हे लेखी मागा. मिळालं तर उत्तम.

कायद्याच्या वाटेवर फार रेंगाळत नाही. कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी उभारणीची आणि मग चालवण्याची संमती लागते, पाण्याच्या 1974 च्या आणि हवेच्या 1981 च्या कायद्याखाली. जनसुनावणी मात्र 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत त्यासाठी बसणाऱ्या प्रकल्पांनाच होते. तुमचा प्रकल्प त्यात बसतो का, हे मंडळाच्या अमरावतीच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारा. बसत नसेल, तर ग्रामसभा हीच तुमची जनसुनावणी समजा. ग्रामपंचायतीने ना-हरकत नाकारली म्हणजे कारखाना थांबलाच असं नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण ना-हरकत बिनशर्त देऊन टाकली, तर पुढे प्रत्येक तक्रारीत तोच कागद तुमच्यासमोर धरला जाईल.

म्हणून ठरावाची भाषा महत्त्वाची. ‘सर्वानुमते विरोध’ एवढ्याच शब्दांचे ठराव मी फायलींत पाहिलेत, त्यांची दखल कोणी घेत नाही. ठरावात कारणं लिहा: नाला किती फुटांवर, विहिरी किती, शाळा आणि वस्ती किती अंतरावर, हिवाळ्यातलं वारं कुठून, अग्निशमनची गाडी किती मिनिटांत येते. मग लिहा की अमुक माहिती लेखी मिळेपर्यंत ना-हरकत देता येत नाही. कोरम बघा, 15 टक्के मतदार किंवा 100, यातला जो कमी तो. ग्रामसभेआधी महिलांची सभा कायद्यातच आहे, ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. विहिरीवर आणि वेचणीला त्याच असतात, वास आणि काजळी त्यांनाच आधी कळणार. ठरावाची साक्षांकित प्रत त्याच आठवड्यात काढा आणि मंडळाला व जिल्हाधिकाऱ्यांना पोच घेऊन द्या.

तुमच्या पंधरा दिवसांचा क्रम मी असा लावेन. उद्याच त्याच्याकडे प्रक्रिया, टाक्या, साठा, पावडर आणि माणसं या पाच गोष्टी लेखी मागा. त्याच दिवशी मंडळाकडे माहिती अधिकारात त्याचा अर्ज आणि प्रकल्प अहवाल मागा. 10 रुपये फी, मुदत 30 दिवस, म्हणजे ग्रामसभेआधी मिळेलच असं नाही, पण अर्जाची पोच तरी हातात राहील आणि ‘कागद मिळेपर्यंत निर्णय नको’ म्हणायला आधार होईल. या आठवड्यात पाण्याचे नमुने. आणि एका रात्री, त्याला न कळवता, त्याचा आधीचा कारखाना असेल तर तिथे जाऊन या. चार जण जा, रात्री दहानंतर जा, आणि कारखान्याच्या दारात थांबू नका. शेजारच्या कास्तकाराच्या गोठ्यावर बसा, चहा घ्या, त्याला विचारा. मंडळाचा अधिकारी दिवसा येतो, शेजारी रात्रभर तिथेच असतो. आधीचा कारखाना नाही, हा त्याचा पहिलाच आहे, असं कळलं तर मी तुमच्या जागी त्या नाल्याकाठच्या जागेला नाहीच म्हणेन.

अहवालाची प्रत हाती आली तर प्रक्रियेचं पान, जागेचा आराखडा आणि टाक्यांचं माप एवढी तीन पानं मला पाठवा. घाण्याचा हिशोब जुळतो का, ते मी एका संध्याकाळी बघून सांगते, ग्रामसभा आदल्या दिवसावर आली असली तरी.